रजेच्या काळातील पत्ता

आमच्या घरी ऑटो रिप्लाय संगणक यायच्या कितीतरी आधीपासून होता. तो दाराच्या कडीत असायचा. चाळीतून गावी निघताना आई वहीचं पान फाडायची आणि त्यावर लिहायची, ‘दूध नको. शुक्रवारपासून अर्धा लिटर. नडलं तर शेजारी काकूंना सांगणे.’ पानाची चौपदरी घडी कोयंड्यात अडकवली की आम्ही एसटी गाठायला मोकळे. ती चिठ्ठी दूधवाला वाचायचा, पेपरवाला वाचायचा, पोस्टमन वाचायचा, आणि एका वर्षी चोरानेही वाचली. (त्याने काकूंना काही सांगितलं नाही.) पण कधीपर्यंत नाही आणि नडलं तर कोणाकडे जायचं, एवढं तीन ओळींत पोचायचं. ‘आपल्या गैरसोयीबद्दल क्षमस्व’ ही ओळ त्यात कधी नव्हती. दूध घालायचं नाही यात दूधवाल्याची कसली आलीय गैरसोय?

वडील सरकारी नोकरीत होते. त्यांच्या रजेच्या अर्जावर सहीच्या वर एक रकाना असायचा, ‘रजेच्या काळातील पत्ता’. वडील त्यात दरवर्षी ‘वरीलप्रमाणे’ लिहायचे आणि आम्ही दरवर्षी संगमेश्वराकडे असायचो. हे खोटं आहे, असं मी एकदा म्हणालो. ते म्हणाले, "साहेबाला पत्ता नको असतो रे. रकाना भरलेला हवा असतो." हे वाक्य नीट कळायला मला स्वतःची पंचवीस वर्षं नोकरी करावी लागली.

यंदा दिवाळीत आईने जाहीर केलं की त्रिपुरी पौर्णिमेचं स्नान उज्जैनला रामघाटावर करायचं. तिथे माझी आत्या राहते, ती कधीची बोलावतेय. आई ऐंशीची. "पुढच्या सिंहस्थाला जाऊ की," मी म्हणालो. "तो २०२८ ला आहे," आई म्हणाली, "आणि मला गर्दीत हरवायचं नाहीये." मी पाच दिवसांची रजा टाकली.

ऑफिसात मी बिलं पास करतो. पुठ्ठ्याचे खोके पुरवणाऱ्यापासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांचे पैसे माझ्या टेबलावरून जातात. जातात म्हणजे आधी बराच काळ तिथे मुक्कामाला असतात, मग जातात. त्यामुळे रजा म्हणताच साहेबांनी ‘कुठे’ विचारलं नाही, ‘आई कशी आहे’ विचारलं नाही. म्हणाले, "ओओओ लावलं का?" आउट ऑफ ऑफिसचे हे तीन ओ. पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला वाटलं होतं, कोणाच्या तरी पायावर कपाट पडलं.

पहिला मसुदा मी मनापासून लिहिला. ‘मी आईला घेऊन उज्जैनला जात आहे. सोमवारी येईन. तोवर बिलं तशीच राहतील.’ साहेबांनी तो वाचून चष्मा काढला. उज्जैन खोडलं. "व्हेंडरला वाटेल, पेमेंट देवावर सोडलंय." आई खोडली. "पर्सनल नको." बिलांचं वाक्य तर त्यांनी दोनदा खोडलं. शेवटी जे उरलं त्यात मी कार्यालयात उपलब्ध नव्हतो, ईमेल मर्यादित प्रमाणात पाहू शकणार होतो, आणि तातडीच्या कामासाठी शेजारच्या टेबलावरच्या मॅडमशी संपर्क साधायचा होता. मॅडमचं नाव मी टाकलं. मॅडमना विचारलं नाही. त्या जेवायला गेल्या होत्या.

या ‘मर्यादित प्रमाणात’वर एखाद्या भाषाशास्त्रज्ञाने बसायला हवं. पतसंस्थेच्या नावापुढे ‘मर्यादित’ असतं, तसंच हेही. वाचणाऱ्याने आपापल्या जबाबदारीवर समजून घ्यायचं. आमचे साहेब गेल्या मे महिन्यात महाबळेश्वरला गेले होते. त्यांना मेल पाठवली की उत्तरं जोडीने यायची. आधी यंत्र सांगायचं, मी इथे नाही, मेल मर्यादित बघतो. मग दोन मिनिटांत साहेब स्वतः सांगायचे, हे कोणी अप्रूव्ह केलं? मॅप्रोच्या रांगेत उभं राहून त्यांनी आमचं एक कोटेशन नामंजूर केलं. त्या यंत्राची मला दया येते. ते बापडं दारात उभं राहून ‘मालक घरी नाहीत’ सांगतंय, आणि मागून मालकच ओरडतायत, ‘कोण आहे रे?’

असं यंत्र सुरुवातीला रचणाऱ्यांपैकी एक शहाणा माणूस होता. एरिक ऑलमन, बर्कलीचा. टपाल इकडून तिकडे नेणारा सेंडमेल हा प्रोग्रॅमही त्याचाच. १९८० च्या दशकात त्याने युनिक्सवर ‘व्हेकेशन’ नावाचा छोटासा प्रोग्रॅम लिहिला. त्यातली मला आवडलेली गोष्ट अशी, की तो एका माणसाला उत्तर दिलं की त्याचं नाव टिपून ठेवतो आणि साधारण आठवडाभर त्याला पुन्हा उत्तर देत नाही. ‘नाही’ हे एकदा सांगायचं असतं. त्याच्या माहितीपुस्तकात नमुन्याचा निरोपही आहे: मी २२ जुलैपर्यंत सुट्टीवर आहे, तातडीचं असेल तर कीथ बॉस्टिकला गाठा. संपलं. कुठे गेला, का गेला, किती दिलगीर आहे, काही नाही. आईला हे वाचून दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "बरोबर लिहिलंय. दुधाचं राहिलं."

पुढे लोकांनी त्यात भर घातली. जीमेल चार दिवस थांबतो, मग तोच माणूस पुन्हा आला तर पुन्हा सांगतो. २००४ साली तर याचे रीतसर नियम लिहिले गेले, आरएफसी ३८३४ नावाने, आणि त्यांचा गाभा असा की यंत्राने यंत्राला उत्तर देत बसू नये; नाहीतर दोन रजेवरची माणसं रजेवरून परतेपर्यंत त्यांची यंत्रं एकमेकांना ‘मी नाही’, ‘मीही नाही’ सांगत राहतील. वेल्समधल्या स्वान्सी शहरात २००८ साली वेगळाच प्रकार झाला. अवजड वाहनांना मनाई असल्याची पाटी इंग्रजी आणि वेल्श अशी दोन भाषांत करायची होती. नगरपालिकेने मजकूर भाषांतराला पाठवला, वेल्शमध्ये झटपट उत्तर आलं, ते रंगाऱ्याने पाटीवर उतरवलं आणि पाटी रस्त्यावर लागली. वेल्श वाचणाऱ्यांनी वाचलं: मी सध्या कार्यालयात नाही, भाषांतराचं काम पाठवून ठेवा. आपल्याकडे रस्त्यावरच्या मराठी पाट्या वाचताना मला अनेकदा वाटतं, भाषांतरकार कार्यालयात नसावा. डाइम्लर या जर्मन मोटार कंपनीने २०१४ मध्ये याहून पुढची सोय केली. कर्मचारी सुट्टीवर असताना आलेली मेल हवी तर परस्पर पुसूनच टाकायची आणि पाठवणाऱ्याला तसं कळवायचं. परतल्यावर टोपली रिकामी! आपल्याकडे २०१८ मध्ये सुप्रिया सुळे यांनी लोकसभेत खासगी विधेयक मांडलं होतं, कामाच्या वेळेनंतर फोन-मेलला उत्तर न देण्याचा हक्क मागणारं. त्याचा कायदा झाला नाही. ती बातमी साहेबांनी ऑफिसच्या ग्रुपवर टाकली होती, रात्री पावणेबाराला.

तर, पुण्याहून इंदूरला जाणारी गाडी उज्जैनवरूनच जाते. आत्या फ्रीगंजात राहते. चाळीस वर्षं माळव्यात काढल्याने तिच्या मराठीला जिलबीसारखा हलका पाक लागला आहे. "आलास? बैठ. पोहे ठंडे होऊन जातील." आतोबा मध्य प्रदेश सरकारच्या पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांनी मला पहिल्याच दिवशी विचारलं, "चार्ज कोणाला देऊन आलास?"

"मेलमध्ये मॅडमचं नाव टाकलंय."

"नाव टाकलंय," आतोबा म्हणाले आणि पोह्यांवर शेव घातली. पुढे काही बोलले नाहीत. पण शेव जरा जास्तच घातली गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी रामघाट. दगडी पायऱ्या, कडेने लहान लहान देवळं, पंड्यांच्या चौक्या आणि छत्र्या, द्रोणात दिवे विकणाऱ्या बायका, समोरच्या तीरावर दत्त आखाडा. वनवासात रामाने दशरथाचं श्राद्ध इथे केलं म्हणून हा रामघाट, असं सांगतात. मला ते पटतं. चौदा वर्षं बाहेरगावी असलेल्या माणसाने रजेच्या काळातील पत्ता म्हणून इतकी रम्य जागा निवडावी हे रास्तच आहे. आणि अयोध्येचा चार्ज भरताकडे होता, सिंहासनावर पादुकाही होत्या. पादुका म्हणजे काय, ऑटो रिप्लायच. उत्तर एकच, पण रोज तेच आणि कोणी नाराज नाही.

"ही शिप्रा दिसतेय ना," आतोबा म्हणाले, "हिच्यात किती नर्मदा आहे ठाऊक आहे?" शिप्रा उन्हाळ्यात आटायची. २०१४ मध्ये नर्मदेचं पाणी पंपांनी टप्प्याटप्प्याने माळव्याच्या पठारावर चढवून इंदूरजवळच्या उज्जैनी नावाच्या गावाशी शिप्रेच्या उगमाकडे सोडलं, आणि २०१६ चा सिंहस्थ त्या पाण्यावर पार पडला. पंपांची आणि नळांची हकिकत सांगताना आतोबांचा आवाज भजनी मंडळासारखा लागतो.

"म्हणजे शिप्रा रजेवर असली की नर्मदा उत्तर देते," मी म्हणालो.

"बराबर. पण नर्मदेला विचारून, भिया. पाइप जोडून."

टोमणा मला कळला.

आमच्या क्षेत्रोपाध्यायांची चौकी आत्याने आधीच शोधून ठेवली होती. आदल्या रात्री तिने त्यांना व्हॉट्सॲपवर निरोप टाकला, तर अंगठा उचलायच्या आत उत्तर: ‘जय श्री महाकाल! आपका संदेश प्राप्त हुआ। हम शीघ्र ही आपसे संपर्क करेंगे।’ आत्या प्रसन्न. "किती तत्पर आहेत बघ!" त्या वेळी रात्रीचे सव्वाबारा वाजले होते. सकाळी गेलो तेव्हा पंडितजी चौकीवर बसून कचोरी खात होते, आणि आत्याने ‘आम्ही पोचलो’ असा निरोप टाकताच त्यांच्या मांडीवरचा फोन वाजला आणि आमच्यापासून चार हातांवरून आम्हाला पुन्हा कळलं, की आमचा निरोप मिळाला आहे आणि ते लवकरच संपर्क साधतील. कचोरी संपल्यावर त्यांनी तो साधला.

मग वही निघाली. लाल कापडात गुंडाळलेली, लांबट, पोथीपेक्षा जाड. "मूल गाँव?" मी तालुका सांगितला, गाव सांगितलं. पंडितजींनी बोटाला थुंकी न लावता, पालथ्या हाताने पानं उलटली. वहीला थुंकी चालत नाही म्हणे. आणि एका पानावर हात थांबला. शके १८३१. म्हणजे १९०९. माझे पणजोबा, त्यांची आई, दोन भाऊ, एक विधवा बहीण. नावं देवनागरीत, त्याखाली चार ओळी मोडीत.

"पढ़िए," पंडितजी म्हणाले.

मला मोडी येत नाही. आईला येत नाही. आतोबांना पाटबंधाऱ्याखेरीज काही येत नाही. पंडितजींनाही येत नव्हतं, पण त्यांच्या वडिलांनी त्यांना अर्थ सांगून ठेवला होता आणि तो त्यांनी मान न वळवता, शब्दही न बदलता सांगितला. आमच्या वंशातला जो कोणी या क्षेत्री येईल त्याने याच उपाध्यायांना मानावं, दुसरीकडे जाऊ नये. कोकणातून निघालेल्या माणसाने शंभरावर वर्षांपूर्वी एक नियम लावून ठेवला. या गावाहून कोणी आलं तर इकडे वळवणे. तो नियम माझ्यावर, त्या सकाळी, बिनचूक चालला. सर्व्हर कधी बंद पडला नव्हता. मी मोबाइलवर पानाचा फोटो काढला आणि पुण्यात कोणाकडून तरी वाचून घेऊ म्हणून खिशात ठेवला.

तीर्थश्राद्धाला मी पंचा नेसून कमरेपर्यंत पाण्यात उतरलो. बोटात दर्भाचं पवित्रक, ओंजळीत पाणी आणि तीळ. पंडितजी पायरीवरून नावं विचारत होते. वडिलांचं सांगितलं, आजोबांचं सांगितलं, पणजोबांचं वहीने सांगितलं. ओंजळ सोडायची, पुन्हा भरायची. आणि आईच्या पिशवीत माझा फोन वाजू लागला.

आईने तो उचलला. आई कोणाचाही वाजता फोन उचलते, वाजणारी गोष्ट उचलायची असते अशी तिची श्रद्धा आहे. कानाला कमी ऐकू येतं म्हणून फोन नेहमी स्पीकरवर.

"हॅलो. तो पाण्यात आहे," आई म्हणाली. "तासाभराने करा. पोहे खाऊन होतील तोवर."

पलीकडे आमचा खोकेवाला होता, भोसरीचा. त्याला वाटलं पूर आलाय. ते निस्तरल्यावर त्याने आईला सगळी कथा सांगितली आणि रामघाटाच्या निम्म्या पायऱ्यांनी ती ऐकली. त्याने मला मेल टाकली. उत्तर आलं, मॅडमशी संपर्क साधा. मॅडमना टाकली. त्यांच्या मुलाला कांजिण्या निघाल्या होत्या, त्यांनीही रजा टाकली होती आणि ऑटो रिप्लाय लावला होता. पण तो नव्याने लिहिला नव्हता. दिवाळीच्या वेळचा मजकूर तसाच साठवलेला होता, त्याची फक्त तारीख बदलली. त्यात तातडीच्या कामासाठी माझं नाव होतं. माणूस चिकाटीचा. त्याने मला दुसऱ्या पत्त्यावरून टाकली, मॅडमना दुसऱ्या पत्त्यावरून टाकली. "काकू, सोमवारपासून मी या दोघांमध्ये फुगडी खेळतोय," तो म्हणाला. आरएफसी ३८३४ मध्ये यंत्रांनी यंत्रांना फिरवू नये याची तरतूद आहे. दोन यंत्रांनी मिळून भोसरीच्या माणसाला फिरवू नये, याची नाही.

"किती पैसे आहेत तुमचे?" आईने विचारलं.

त्याने आकडा सांगितला. पंडितजींनी भुवई उंचावली. दक्षिणेचा अंदाज त्यांनी तिथे बदलला असावा.

"आणि किती महिने झाले?"

"तीन, काकू."

आईने माझ्याकडे पाहिलं. माझ्या ओंजळीतून पाणी गळत होतं आणि पितर ताटकळले होते. "तीन महिने लोकांचे पैसे अडकवायचे आणि इथे तिळाचं पाणी द्यायचं," आई म्हणाली. मी पाण्यातून ओरडून सांगितलं की सोमवारी नक्की करतो. पलीकडून तो म्हणाला, "साहेब, पण तुम्ही उज्जैनला आहात का? मागे आरती ऐकू येतेय." मी हो म्हटलं. "मग राहू द्या ना बिलाचं! महाकालला माझ्या नावाने बेल वाहा तेवढा. आणि हे मेलमध्ये लिहिलं असतं तर मी कशाला फोन केला असता?" साहेबांनी खोडलेला एकच शब्द होता तो, आणि तेवढ्याने काम झालं असतं.

पोह्यांना त्या दिवशी चव लागली नाही. तसं मी आत्याला सांगितलं नाही.

चतुर्दशीच्या संध्याकाळी आतोबांनी मला गच्चीवर बसवून घेतलं. "आज रात्री चार्ज कसा देतात ते दाखवतो." आषाढी एकादशीला विष्णू झोपतो, कार्तिकीला उठतो, हे आपल्याला कॅलेंडरवरून माहीत असतं. मधल्या चार महिन्यांत सृष्टीची बिलं कोण पास करतं, हे आपण कधी विचारत नाही. उज्जैनने विचारलंय. चातुर्मासात कारभार महाकालाकडे असतो, आणि विष्णू उठला की वैकुंठ चतुर्दशीच्या मध्यरात्री महाकाल पालखीतून निघतो आणि गोपाळ मंदिरात जाऊन कारभार परत करतो. हे गोपाळ मंदिर बायजाबाई शिंद्यांनी बांधलेलं, आणि आजचं महाकालाचं देऊळ अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकरांनी उभारलेलं. म्हणजे चार्ज देणाऱ्याचं आणि घेणाऱ्याचं, दोन्ही ऑफिसं आपल्याच लोकांच्या हातची. शिंदे मागाहून, १८१० मध्ये, राजधानी घेऊन ग्वाल्हेरला गेले ते गेले. पण मराठी पंचांग ठेवून गेले. हिंदी श्रावण पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. महाकालाच्या श्रावणातल्या सोमवारच्या सवाऱ्या आपला श्रावण सरेपर्यंत निघत राहतात. एक देव दोन्ही कॅलेंडरांवर ड्यूटी करतो. आमच्या एचआरला ऐकवण्यासारखी गोष्ट नाही ही, त्यांना कल्पना सुचायची.

या सगळ्या उलाढालीत मला यक्ष आठवत होता, ‘मेघदूता’तला. तोही नोकरदारच. कामात कुचराई केली म्हणून कुबेराने वर्षभर बिनपगारी घालवून दिलं. पोस्टिंग रामगिरी, तो म्हणजे आपलं नागपूरजवळचं रामटेक, असं वा. वि. मिराशींनी मांडलं आहे. तिथून बायकोला निरोप द्यायचा तर ढगाकरवी, आणि त्या ढगालाही हा सांगतो, वाट वाकडी झाली तरी चालेल, उज्जयिनी चुकवू नकोस. तातडीचा निरोप आहे आणि निरोप्याला साइटसीइंगला पाठवतोय! यावरूनच कुबेराने का घालवला ते कळतं. पण परत येण्याची तारीख त्याने चोख दिली आहे. विष्णू शेषावरून उठला की माझा शाप संपला, चार महिने राहिले. मोठे साहेब रुजू झाले की मीही रुजू. त्याचा नि माझा हिशेब त्या रात्रीपुरता एकच होता.

अकराच्या सुमारास गुदरी चौराह्याच्या पुढे पाय ठेवायला जागा नव्हती. आईला आम्ही एका ओळखीच्या कापडदुकानाच्या पायरीवर बसवलं. ढोल-झांजा आल्या, मशाली आल्या, पोलीस आले आणि मग पालखी. पालखीत महाकालाचा मुखवटा असतो. देव स्वतः गाभाऱ्यात आपल्या जागी असतो. मला हे फार बरं वाटलं. चेहरा दौऱ्यावर, माणूस जागेवर. माझं नेमकं उलटं होतं. मी इथे पटनी बाजारात धक्के खात होतो आणि माझा मुखवटा पुण्यात टेबलावर बसून जो येईल त्याला ‘मर्यादित प्रमाणात’ सांगत होता.

गोपाळ मंदिरात मी आत शिरू शकलो नाही. आतोबा शिरले, पाटबंधाऱ्याच्या माणसाला कुठून वाट काढायची ते कळतं. बाहेर आल्यावर त्यांनी वर्णन सांगितलं. दोघांना समोरासमोर बसवतात. महाकालाकडची बेलाची माळ गोपाळाच्या गळ्यात जाते, गोपाळाकडची तुळशीची महाकालाच्या. महाकालाला तुळस आणि विष्णूला बेल, एरवी हे चालत नाही. त्या एका रात्री एकाची वस्तू दुसऱ्याच्या अंगावर, की झाला चार्ज.

"आमच्या खात्यात अस्संच होतं," आतोबा म्हणाले. त्यांचे डोळे जरा ओले होते, धुरामुळे असतील. "जाणारा उभा, येणारा बसलेला, मध्ये चाव्यांचा जुडगा. दोघांच्या सह्या. मग चहा. विष्णूने काय केलं असतं, परस्पर महाकालाचं नाव टाकून झोपला असता तर? आणि महाकालाने त्याच दिवशी कैलासावर जाऊन विष्णूचं टाकलं असतं तर?"

"भोसरीच्या माणसाचं काय झालं असतं," आई पायरीवरून म्हणाली.

मी तिथेच, पालखी परतत असताना, मॅडमना फोन लावला. रात्रीचे पावणेएक. लावल्यावर लक्षात आलं, सुळ्यांच्या विधेयकाचं काय म्हणत होतो मी. पण त्या जाग्याच होत्या, पोरगं अंग खाजवून रडत होतं. मी म्हटलं, तुम्हाला न विचारता तुमचं नाव टाकलं, चुकलं. त्या म्हणाल्या, "अहो, मी तर तुमचं दोन वर्षांपासून टाकतेय." मग आम्ही कांजिण्यांवर बोललो. कडुनिंबाचा पाला अंथरुणात घाला, असं आईने स्पीकरवर सांगितलं.

पौर्णिमेला पहाटे पुन्हा घाट. थंडी चांगलीच होती, पाण्यावरून वाफ निघत होती आणि रात्री सोडलेले दिवे विझून द्रोण तेवढे काठाशी येऊन एकमेकांना खेटले होते. आईचं स्नान होईतो मी पायरीवर फोन घेऊन बसलो. वहीच्या पानाचा फोटो हरवू नये म्हणून तो घरच्या मेलवरून ऑफिसच्या पत्त्यावर पाठवला. सोमवारी तिथल्या मोठ्या प्रिंटरवर काढून मोडीवाला शोधता येईल. पाठवला नाही तोच फोन थरथरला.

"कोणाचा आला?" पदर पिळत आईने विचारलं.

"माझाच."

"काय म्हणतोयस?"

"नाही म्हणतोय. मॅडमना भेटा म्हणतोय."

"त्या पोराकडे बघू देत तिला," आई म्हणाली. "तो फोन पिशवीत टाक आणि मला हात दे. पायरी निसरडी आहे."